सास्सीच्या समुद्रातला वाटा

सास्सीच्या मालकीचा समुद्र होता. केर्केना बेटावर त्याचं कुणाला नवल नाही. तिथे शेतासारखा समुद्रही बापाकडून मुलाकडे येतो. उथळ पाण्यात खजुरीच्या झावळ्या रोवून कुंपण करायचं, की मासे आपसूक सापळ्यात शिरतात. सास्सीने जन्मभर हेच केलं. माशांखेरीज कुणाला फसवलं नाही.

म्हणूनच मुलाचं, वज्दीचं, लग्न ठरलं आणि सास्सीची झोप उडाली. नवरी लोरेदाना इटलीची, वज्दीपेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी.

"सास्सी, तुझ्या पोराने या खेपेला पासपोर्टच गळाला लावला की रे!" कॅफेत हमादी ओरडला. सगळे हसले. सास्सीही हसला, पण कॉफी अर्धी सोडून उठला. बेटावरची काही पोरं अशीच लग्न करून गेली होती. तिकडे राहायचे कागद हातात पडले, की बायकोला सोडचिठ्ठी. आपलं पोरही त्यातलंच निघालं तर? ती बाई इथे सास्सीच्या बायकोजवळ बसून ऑक्टोपस दगडावर आपटून मऊ करायला शिकत होती. तिच्याकडे सास्सीला बघवत नसे.

वज्दीला विचारावं, तर तो म्हणे, "बाबा, सांगतो ना सावकाश."

शेवटी सास्सीने लोरेदानालाच नावेत बसवलं आणि सापळ्यापाशी नेलं.

"पोरी, माझाच मुलगा आहे, तरी सांगतो. तो कागदांसाठी लग्न करत असेल. अजून वेळ गेलेली नाही. परत जा."

"माहीत आहे, काका," ती अडखळत्या अरबीत म्हणाली. "त्यानेच सांगितलं. आधी कागदांसाठीच गोड बोलत होतो, म्हणाला. आता तसं नाही, पण तू विश्वास का ठेवावास? म्हणून कागद मागणारच नाही. तुझी तयारी असेल तर इथेच, माझ्या गावी राहू, म्हणाला."

सास्सीच्या हातातलं वल्हं थांबलं. ज्या कागदांपायी पोरं फुटक्या होड्यांतून जीवावर उदार होऊन निघतात, ते पायाशी चालत आले होते, आणि त्याच्या पोराने नको म्हटलं होतं. एवढी छाती याला आली कुठून? ज्याला खांद्यावर बसवून पाण्यात आणलं, त्या पोराचा त्याला आज आदरयुक्त धाकच वाटला.

"मग माझ्यापाशी का बोलला नाही गाढव?"

"त्याला तुमच्याकडे काही मागायचंय, धीर होत नाही. लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचा मेहेर म्हणून त्याच्या वाट्याचा समुद्र माझ्या नावे करायचाय. मी नको म्हटलं. तो म्हणतो, कागद व्हायचेच तर तुझ्या नावाचे होऊ देत."

आजवर या समुद्राचा वीतभर तुकडाही घराबाहेर गेला नव्हता. सास्सीचे डोळे भरून आले, आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

मग तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि त्याने तिला हात दिला.

"उतर. या कोपऱ्यापासून तुझं. शेजारचे हद्द सरकवतात, डोळा ठेवून राहा."