ओल्या सागाचा पूल

चांद्याला नोकरी लागली तेव्हा मी नवा इंजिनियर होतो आणि लाकडी पूल आखायला शिकून आलो होतो. मूल गावाच्या पुढे एका नाल्यावर पूल हवा होता. पावसाळ्यात पलीकडच्या गावांचं धान गिरणीपर्यंत पोचत नसे. मी सागाच्या कैच्यांचा, म्हणजे तुळयांच्या त्रिकोणी सांगाड्यांचा पूल आखला. सांध्यांना लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट, भरलेला ट्रक जाईल इतका भक्कम. मात्र लाकूड वाळलेलं हवं होतं. ओलं लाकूड मागाहून आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात.

सागाच्या जंगलात राहूनही मला वाळका साग मिळेना. वनखात्याच्या डेपोतला चांगला माल लिलावाला जायचा. शेवटी ओले ओंडके चिरून तुळया करून घेतल्या, मधून वारा खेळेल अशा थप्प्या रचल्या, वर गवताचं छप्पर घातलं. गावचे पाटील येता-जाता विचारायचे, "भाऊ, लाकडं आले, तुमी आले, मंग पूल काऊन नाई होऊन राह्यला?"

"लाकूड वाळू द्या, पाटील."

"लाकडाच्या आधी आमीच वाळून जाऊ इथी."

पुढच्या उन्हाळ्यात मी काही दिवस आरमोरीकडे दुसऱ्या कामावर गेलो. परतलो तर छपराखाली काहीच नव्हतं. मंत्री येणार म्हणून आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांनी माझ्या तुळया नेऊन व्यासपीठ उभारलं होतं. तुळया हव्या तशा कापलेल्या, जागोजाग खिळे ठोकलेले. मी तडक साहेबांकडे गेलो.

"जंगलात राहता आणि लाकडासाठी रडता?" ते म्हणाले. "दुसरं घ्या. पावसाळ्याआधी पूल झाला पाहिजे."

"ओल्या लाकडाचा पूल ट्रक पेलणार नाही, साहेब."

"मग जास्त मजबूत बांधा."

ओल्या लाकडाचाच बांधला. वर्षभरात सांधे उघडे पडले. मी पाना घेऊन कैच्यांवर चढायचो, नट आवळायचो. पुन्हा जावं तर तेच नट हाताने फिरायचे. अखेर साहेबांनीच ट्रकना बंदी केली आणि बैठकीत सर्वांसमोर सांगितलं, लाकडी पुलात काही राम नाही, यापुढे सिमेंटचेच पूल. मी उठून बोलायला लागलो, तर त्यांनी पुढचा विषय काढला.

पूल पडला नाही. बैलबंड्या जात राहिल्या. पाटलांनी एकदा पुलावरच बंडी थांबवली.

"बेस पूल केला भाऊ तुमी. मंग तोंड काऊन उतरलं?"

सगळं सांगत बसलो असतो तर मागच्या बंड्या खोळंबल्या असत्या. मी कठड्याला टेकून त्यांना वाट दिली.