गुंडू रेड्याचे ओठ

भूतबीत, करणी, लागिर... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो, वर खवचट कमेंटही टाकतो. आता स्वतःचाच सांगायला बसलोय, तेव्हा हाणा खुशाल.

मी पुण्याजवळच्या उरवडे गावात राहतो. खाली आम्ही आणि कंपनीत कामाला असलेले भाडेकरू, वरच्या खोलीत माझा स्टुडिओ — म्हणजे एक कॉम्प्युटर, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या गोधड्या. मुलांसाठी कार्टून करतो. चित्रं माझी, आवाजही माझेच. त्यातला गुंडू रेडा भलताच चालला. बावळट, गावठी, "मला काय बी कळत न्हाई बगा" म्हणणारा. हा आवाज कुठून सुचला असं कुणी विचारलं, की मी "असाच" म्हणायचो. खोटं. तो आमच्या आण्णांचा होता, माझ्या वडिलांचा. बोलण्याआधी खालचा ओठ दाताखाली धरायचा, मग वाक्य सोडायचं, ही त्यांची सवय. माझ्यातही ती आलीय. पुण्यात शिकताना भाषा घासूनपुसून घेतली, ओठ तेवढा राहिला.

माझी पद्धत अशी, की आधी आवाज रेकॉर्ड करायचा. मग टेबलावरच्या आरशात बघत तेच वाक्य पुन्हा म्हणायचं आणि माझं तोंड जसं हलेल तसं गुंडूचं काढायचं.

भाडेकरूंची पोरं आण्णांना गुंडूबाबा म्हणायला लागली. मग दूध डेअरीवरही तेच सुरू झालं. मीही हसलो. हळूहळू आण्णा बोलेनासे झाले, मान हलवून भागवायला लागले. आई काळजीत होती. मी म्हणालो, वय झालं. मला ते खरंच वाटत होतं की मी स्वतःची समजूत घालत होतो, देव जाणे.

आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, जांबे गावी असते. तरुणपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. मागच्या पंधरवड्यात एका दुपारी ती आली. आण्णा शेतावर होते, दोघांची भेटही झाली नव्हती. मी मोठ्या कौतुकाने तिला मोबाइलवर नवा एपिसोड लावून दिला. त्यात गुंडू चिखलात रुतून बसलाय आणि मला वर काढा, भूक लागलीय म्हणून ओरडतोय. आत्या बघता बघता रडायला लागली.

"ह्यो काय म्हनतोय, कळतंय का तुला?" ती म्हणाली. "म्हनतोय, मी आता बोलतच न्हाई. बोललं की समदी हासत्यात. हासू दे, पोराचं पोट भरतंय त्याच्यावर."

मी तिला जुने एपिसोड दाखवले. ते तिने माझ्याच शब्दांत बरोब्बर सांगितले. हाच तेवढा वेगळा. वर जाऊन मी आवाज बंद केला आणि आरशासमोर आत्याने सांगितलेलं हळूहळू म्हटलं. स्क्रीनवरचं एकेक तोंड त्याला जुळत गेलं. मी रेकॉर्ड केलेलं वाक्य मात्र काही केल्या जुळेना. आणि ती चित्रं मीच काढली होती... दुसरं कोण काढणार?

संध्याकाळी आण्णा आले. आत्याने ओठांवरून वाचलेलं मी त्यांना सांगितलं. तुम्ही आत्याशी, आईशी, कुणाशी कधी असं बोललात का, म्हणून मी विचारलं.

"बोललो न्हाई," ते म्हणाले. "मनात आलं हुतं."

लाजेने माझी मान वर होईना. गुंडू बंद करतो, एवढंच कसंबसं म्हणालो.

त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरला. "बंद कशाला करतूस? माजं बोलनं माज्यापरास तुलाच चांगलं जमतंय की."

तो टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तो एपिसोड मी काढून टाकलाय. ते ओठ कसे बदलले, यावर तर्क लढवून थकलो, कुणाला काही सुचलं तर सांगा. आण्णा अजून गप्पच असतात. आणि त्यांच्यासमोर मलाही बोलवत नाही — तोंड उघडायला गेलो, की आधी ओठ दाताखाली जातो.