घरफलकाचा रोजचा वाचक

मीटअपमधली मंडळी त्याला बीटा म्हणायची. बीटा म्हणजे अजून अर्धकच्चं सॉफ्टवेअर, लोकांनी वापरून चुका सांगाव्यात म्हणून बाहेर सोडलेलं. आणि या गृहस्थाला पक्कं झालेलं काही म्हणजे काही रुचायचंच नाही. सकाळी दात घासायच्या आधी नवीन काय निघालंय ते बघणार, चहा उकळेपर्यंत त्यावर खातं उघडणार, मग आंघोळ राहिली तरी बेहत्तर. ऑफिसात तो मान खाली घालून आठ वर्षं वेबसाइटी बनवत होता, पण जीव सगळा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारात. त्या दिवशी कुठल्यातरी कंपनीच्या कँटीनमध्ये पन्नासेक डेव्हलपर जमायचे आणि ज्याला हौस असेल त्यानं पाच मिनिटांत आपलं नवं खेळणं दाखवायचं. पाच मिनिटं झाली की मीटअप भरवणाऱ्या बाई घंटी वाजवायच्या, म्हणून त्यांचं नाव पडलं कंडक्टर. बीटासाठी त्यांना ती दर वेळी दोनदा वाजवावी लागे.

माणूस वाईट नव्हता हो. उलट भला होता, तेच तर दुखणं आहे. सव्वा वर्षापूर्वी धाकटी बहीण सहा वर्षांच्या चिमीला घेऊन दारात उभी राहिली, डाव्या हाताला प्लास्टर, पायात घरातल्या चपला. त्यानं लगेच आतल्या खोलीतल्या वायरी आणि जुने कीबोर्ड उचलून स्वतःच्या पलंगाखाली कोंबले आणि ती खोली दोघींना दिली.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं त्याला समोर बसवलं. "दादा, दोनच गोष्टी सांगते. आमचा फोटो कुठेही टाकायचा नाही, आणि आम्ही इथे आहोत हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. चिमीचा बाप शोधल्याशिवाय राहणार नाही. चिमीला उचलून नेईन आणि तुला परत तिचं तोंड दिसू देणार नाही, असं म्हणालाय तो मला."

"माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडणार नाही," तो म्हणाला, आणि शब्दाला जागला. स्वतःचे जुने फोटोसुद्धा त्यानं इंटरनेटवरून काढून टाकले. दारावरची पाटी उतरवली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर अशी काही थाप मारली, की त्या बहिणीला भाडेकरूच समजत राहिल्या. बहिणीला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम मिळालं, चिमी शाळेत जायला लागली, हसायलाही लागली. नवरा राहिला बसनं चौदा तासांवरच्या त्याच्या शहरात. हळूहळू बहीण दाराची बेल वाजली तरी दचकेनाशी झाली.

आणि मग आलं ते नवं टूल, काय हवं ते सांगितलं की तसं पान इंटरनेटवर बनवून देणारं. कुणीतरी मीटअपमध्ये दाखवलं आणि आमच्या बीटाला घरी येईपर्यंत धीर धरवेना. एका दुपारी त्यानं त्यावर घरफलक बनवला. जुना टॅबलेट फ्रिजशेजारी भिंतीवर चिकटवला आणि त्यावर सगळ्या घराचा दिवस दिसायला लागला: बहिणीच्या कामाच्या वेळा, दूध संपल्याची आठवण, चिमीच्या शाळेचं नाव आणि फोन नंबर, शाळा सुटते तीन दहाला, मागचं फाटक, आणायला मामा.

त्या टूलची एक रीत होती. त्यात जे बनवाल ते सगळ्या जगाला उघडं; बंद हवं असेल तर एका चौकटीत आपण होऊन टिक करायची. बीटाला ती चौकट दिसली होती. पण त्याची कामाची पद्धत ठरलेली: आधी चालू तर होऊ दे, कडी नंतर घालू. आठ वर्षांत कितीतरी कड्या त्याच्या तशाच राहिल्या होत्या.

"हे बाहेरच्या कुणाला दिसत नाही ना रे?" बहिणीनं विचारलं.

"छे गं. लिंक माहीत असल्याशिवाय कोण बघणार? आणि लिंक फक्त आपल्याकडे."

खरंच होतं ते. पुढच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत.

त्या शनिवारी त्यानं घरफलक दाखवला. बाकीचे लोक डेमोसाठी खोटी नावं, खोटी माहिती भरतात. याला ते मुळीच पटत नसे. "खरं घर दाखवतो, खरं!" असं म्हणत त्यानं मोठ्या पडद्यावर फलक उघडला. 'चिमी: पालकाची भाजी नाकारली, दोन वेळा' ही ओळ दिसली आणि हशा पिकला. वर ब्राउझरच्या पट्टीत लिंक अख्खीच्या अख्खी झळकत होती. टाळ्या पडल्या, कंडक्टरनं घंटी वाजवायला उशीर केला, आणि दोन दिवसांनी त्या पाच मिनिटांचा व्हिडिओ त्याच्या पूर्ण नावानिशी इंटरनेटवर चढला. अहो, याला काय म्हणावं? फोटो टाकायचा नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. पण डेमो म्हणजे काही टाकणं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या लेखी त्यानं फक्त एक टूल दाखवलं होतं.

पहिल्या आठवड्यात फलक चाळीस जणांनी उघडला, मग आकडा उतरत उतरत एकावर आला. तो एक मात्र हटेना. रोज सकाळी, रोज दुपारी. बीटा खूश. "आपला एक तरी कायमचा वाचक झाला," असं तो ऑफिसात सांगत सुटला. मग त्यानं वाचक कोणत्या शहरातून येतात ते नकाशावर दाखवणारं आणखी एक टूल जोडलं. ठिपका एकच होता, आणि तो बसनं चौदा तासांवरच्या त्या शहरावर होता. बीटानं नकाशा मोठा करून ठिपका परत बघितला. एवढं मोठं शहर, तिथेही डेव्हलपर असणारच की, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. बहिणीला तो काही बोलला नाही.

महिन्याभरानं, एका गुरुवारी, डेव्हलपरांचं दिवसभराचं मोठं संमेलन होतं. बीटानं त्यासाठी रजा टाकली आणि दोन दिवस आधीच फलकावर इमानेइतबारे बदल केला: 'गुरुवारी मामा नाही. चिमी मागच्या फाटकाशी थांबेल. आई ३:४० ला पोचेल.'

जेवणं झाल्यावर, अडीचच्या सुमाराला, तो कंडक्टरला आपला नकाशा दाखवत होता. त्या वाकून बघायला लागल्या. "अरे, तुझा वाचक जागचा हलला की! हा बघ, आज आपल्याच शहरात आहे. सकाळपासून अकरा वेळा उघडलंय त्यानं."

"संमेलनालाच आला असणार!" बीटा टाचा उंच करून हॉलभर बघायला लागला. इतका आनंद झाला होता त्याला, की माइकवरून हाक मारावी असं वाटलं.

"मूळचा कुठला पण?" कंडक्टरनं विचारलं.

त्यानं त्या शहराचं नाव घेतलं. स्वतःच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि तो वाचक कोण ते त्याला उमगलं. बहिणीचा नंबर तिसऱ्या खेपेला लागला. वाजून वाजून बंद झाला. लॅबमध्ये फोन कुलपात ठेवावे लागत. शाळेचा नंबर त्याला पाठ नव्हता. तो फलकावर होता.

शाळेच्या कारकून बाईंनी फोन उचलला. "चिमीचे मामा का? अहो, काळजी करू नका, तिचे बाबा आलेत ना. केव्हाचे मागच्या फाटकाशी उभे आहेत. आई तीन चाळीसला येते, तोवर मीच नेतो म्हणाले. फार सभ्य गृहस्थ."

"तिला सोडू नका! बाई, पाया पडतो, तिला बाहेर सोडू नका! पोलिसांना बोलवा!"

"बरं बरं, ओरडू नका," बाई म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज बदलला होता.

तो पोचला तेव्हा चिमी कारकून बाईंच्या खोलीत बाकावर बसली होती, बाईंचा शिक्का कागदावर उमटवत. ओळखपत्र मागितल्यावर तो माणूस निघून गेला होता. जाताना फाटकावरच्या वॉचमनला हसून सांगून गेला, की शाळा रोजच सुटते, परत येईन.

पोलिसांत तक्रार झाली. लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच संध्याकाळी गाडी घेऊन यायचं कबूल केलं. बहिणीनं घरी येऊन तो व्हिडिओ पाच मिनिटं पूर्ण बघितला, मग कपाट उघडलं आणि कपडे काढायला लागली. ती रडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बीटाला बरं वाटलं असतं.

"सगळं पुसलं मी," तो दारातून म्हणाला. "फलक, व्हिडिओ, सगळं. कंडक्टरनं लगेच काढला."

"हं."

"कुठे जाताय? पोचल्यावर एक फोन तरी कर."

तिनं चिमीचा स्वेटर घडी घालून ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "तू मुद्दाम नाही केलंस, दादा. तू होतास म्हणून आम्ही सव्वा वर्ष सुखाची झोप घेतली. पण तुला नाही सांगत."

"मी कुणाला म्हणजे कुणालाही सांगणार नाही गं. आईशप्पथ."

"माहीत आहे," ती म्हणाली. "या वेळीही तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस."

खाली गाडी आली. त्यानं सामान उचलून मागे ठेवलं. मामा का येत नाही, असं चिमीनं दोनदा विचारलं. दार लागलं, गाडी सुरू झाली, आणि ती कोपऱ्यावर कुठे वळते ते आपल्याला दिसू नये म्हणून बीटा रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला.