त्याच्याच खिशातून

आमच्या वन्संना क्षमा हा प्रकार कधी जमला नाही, आणि तो जमावा असं मलाही कधी वाटलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, कुणाच्या मिंध्या राहिल्या नाहीत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात उभा जन्म कापड कापलं. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि जड कात्रीने सगळे थर एकदम कापायचे. रेघ कधी हलली नाही. कारखान्यात त्यांना कात्रीबाई म्हणत. त्यात हाताचं कौतुक किती आणि जिभेची धास्ती किती, हे म्हणणाऱ्यालाच ठाऊक.

कारखान्यासमोर सोफ्यांचं दुकान होतं. एका दुपारी वन्सं कारखान्याच्या दारात उभ्या होत्या. सोफ्यांचा टेम्पो मागे न बघता मागे आला आणि त्यांचा उजवा हात टेम्पोचा मागचा फाळका आणि दाराचा खांब यांच्यामध्ये चेपला. टेम्पो चालवत होता दुकानदाराचा मेहुणा. त्याच्याकडे लायसन नव्हतं, अक्कल त्याहून नव्हती. दुकानदार धावत आला तो वन्संकडे नाही, टेम्पोकडे. मेहुण्याला दंडाला धरून खाली ओढलं आणि आत चहा पीत बसलेल्या जुन्या ड्रायव्हरला ओरडला, "चढ वर! तूच चालवत होतास, कळलं?"

वन्संनी हे सगळं पाहिलं आणि मगच त्यांची शुद्ध गेली. पोलीस आले तेव्हा स्टिअरिंगवर ड्रायव्हर होता, आणि कागदावरही तोच चढला.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. कात्री सोडा, चमचा धरता येईना.

दुकानदार दवाखान्यात भेटायला आला. खुर्ची ओढून म्हणाला, "बाई, मनात काही ठेवू नका. गाडीचा विमा आहे, ड्रायव्हरचं लायसन आहे. भरपाई कंपनी देईल. माझ्या खिशातून दमडी जायची नाही, मग आपल्यात वैर कसलं?"

माणूस खरोखर धीर द्यायला आला होता. तो गेल्यावर वन्संनी विचारलं, "वहिनी, हात माझा गेला. पैसे कंपनीचे जाणार. मग याचं काय गेलं?"

"काही नाही," मी म्हटलं. खोटं बोलून समजूत काढणं मला येत नाही.

"मग आता तेच बघायचं."

वकील केला. त्याला खरी हकीकत सांगितली तर तो कपाळाला हात लावून बसला. "आजी, हे बाहेर बोलू नका. आत्ता केस सरळ आहे. लायसनवाला ड्रायव्हर, चालू विमा. गाडी बिनलायसनचा चालवत होता म्हटलंत की कंपनी हात वर करणार. मग दुकानदाराकडून वसूल करता करता तुमचे दात पडतील."

"पडू देत. कवळी त्याच्या पैशानं बसवीन."

"आणि काहीच मिळालं नाही तर?"

वन्संचा पगार बंद होता. हातावर आणखी एक शस्त्रक्रिया केली तर पकड थोडी परत येईल असं डॉक्टर म्हणत होते, आणि तिचा खर्च भरपाईवरच अवलंबून होता. माझ्या पेन्शनीत दोघींचं जेवण भागत होतं, शस्त्रक्रिया भागली नसती. मी म्हटलं, "वन्सं, नीट विचार करा. हे सगळं बुडू शकतं."

"बुडालं तर तुमच्या जिवावर खाईन. तुम्ही टोमणे माराल, ते ऐकून घेईन. पण तो माणूस रात्री तंगड्या पसरून झोपतो, ते नाही सोसवत."

राहिला ड्रायव्हर. तो दर रविवारी मान खाली घालून आमच्याकडे यायचा, पिशवीत चार सफरचंदं. वन्सं त्याला बसू द्यायच्या नाहीत. टेबलावर कापड पसरलेलंच असायचं. "घ्या कात्री. माझा हात तुमच्या टेम्पोनं गेला, आता तुमचा वापरते." तो बिचारा घाम पुसत कापायचा आणि वन्सं मागून, "अहो, रेघ डोळ्यांना दिसते ना? की उंदीर कुरतडतोय?" मला हसू यायचं आणि त्याची दयाही. वन्संना यातलं काहीच यायचं नाही.

एके रविवारी त्याने कात्री खाली ठेवली. "ताई, मी नव्हतो हो चालवत."

"ते मला कशाला सांगता? मी तिथंच होते. कोर्टात सांगा."

"नोकरी जाईल."

"जाईल. आता तरी काय राहिलीय?"

हा घाव बरोबर बसला. अपघातापायी त्याचं लायसन काही महिन्यांसाठी निलंबित झालं होतं, आणि मालकाने 'गाडी चालवत नाहीस तर ड्रायव्हरचा पगार कसला' म्हणून त्याला सोफे उचलायला लावून पगार अर्धा केला होता. ज्याच्यासाठी गुन्हा अंगावर घेतला, त्यानेच. माणसाला दुसऱ्याचं दुःख उशिरा कळतं, स्वतःचा पगार लगेच कळतो. तो उठताना म्हणाला, "सांगतो."

सुनावणीला वन्संनी उभं राहून सगळं सांगितलं. कंपनीच्या वकिलाचा चेहरा खुलला. आमच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. दुकानदार बाकावर अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"बाई, यात तुमचंच नुकसान होऊ शकतं, कल्पना आहे ना? मग कुणाच्या फायद्यासाठी सांगताय?"

"फायद्यासाठी नाही साहेब. याच्या नुकसानीसाठी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत, पण पेन क्षणभर थांबलं. मग ड्रायव्हर उभा राहिला आणि त्याने एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. आपण आधी खोटं सांगितलं, हेही सांगितलं.

निकाल बराच लांबला. त्या काळात आम्ही दोघी फार भांडलो. कशावरूनही. दुधावरून, पंख्यावरून. शेवटी लागला तो असा: बाईंचे पैसे कंपनीने आधी द्यावेत आणि मग ते सगळे दुकानदाराकडून वसूल करून घ्यावेत. वकील म्हणाला, "आजी, नशीब तुमचं." वन्सं म्हणाल्या, "त्याचंही."

ड्रायव्हरला खोट्या जबाबाबद्दल दंड झाला आणि नोकरी गेलीच. वन्संनी त्याला कारखान्यात माल पोचवायच्या गाडीवर चिकटवून दिलं, पण दंड भरायला मदत केली नाही. "खोटं बोलला होता ना," एवढंच म्हणाल्या. सुडाने मन शांत होत नाही असं लोक सांगतात. साफ थाप आहे. त्या आठवड्यात वन्संचं वजन वाढलं.

दुकानदाराने आधी टेम्पो विकला, मग निम्मं दुकान भाड्याने दिलं. मेहुणा उरलेल्या निम्म्यात स्टुलावर बसून गिऱ्हाइकाची वाट बघतो. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली त्याच सुमाराला दुकानदाराची बायको आमच्याकडे आली. डोळे सुजलेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"तुमचे पैसे तर मिळाले ताई. कंपनी आमच्या मागे लागलीय. वसुली हळूहळू करा म्हणून तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर ते ऐकतील."

वन्सं अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "दिल्या असत्या हो. पण उजव्या हातानं लिहिता येत नाही मला. बघा ना." आणि हात तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही लिहा, त्या डाव्या हाताचा अंगठा उठवतील."

वन्संनीही माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत, नुसती वाट बघणं होतं.

"लिहिलं असतं," मी म्हटलं, "पण सकाळपासून माझा चष्मा सापडत नाहीये."

चष्मा माझ्या नाकावर होता. तिने तो पाहिला, पदराने डोळे पुसले आणि चपला घातल्या. दार मीच लावून घेतलं.