हरणीची ओटी

सौंसरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गोठ्यात शिरल्या की आधी माणसांना बाहेर काढत. मालकालासुद्धा. "जनावर मंग पाहू, पहिले हे जत्रा हटवा," म्हणत. लोक मागे त्यांना 'चूप मॅडम' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं.

हरणाच्या बाबतीत तर त्या फारच कडक. अडलेली गाय हंबरते, अडलेलं हरीण भीतीनंच मरतं, असं सांगत. माणसाचा आवाज, वास, नजर, सगळं त्याला वाघासारखंच.

रामाकोन्याच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात चितळाची मादी अडली, तेव्हा वनखात्याची फोनवर परवानगी घेऊन त्या आल्या. पाडसाचं डोकं बाहेर, एक पाय आत दुमडलेला. त्यांनी आपली ओढणी हरणीच्या डोळ्यांवर बांधली. बाबांनी नि मी तिचे पाय दोरानं बांधून धरले. बाईंनी डोकं हलकेच मागे सारलं, दुमडलेला पाय सरळ केला आणि कळ येईल तशी ओढ दिली. पाडस जिवंत निघालं. दोर सोडून बाई हात धुवायला गेल्या. सगळे पांगले की ओढणी त्याच काढणार होत्या.

तेवढ्यात गावातल्या बाया आल्या. रानातली लेक आपल्या बगीच्यात बाळंत झाली म्हणून नारळ, तांदूळ, खण घेऊन. मी अडवलं. "अवं पोरी, बाळंतिणीले कुंकू बी नाही लावू काय?" म्हणत शेजारच्या काकूंनी कपाळ मोकळं करायला ओढणी वर सरकवली.

हरणी उधळली, कपाशीत दिसेनाशी झाली. बाया खूश. बाईंना ती पुढे नाल्यात सापडली, मेलेली. अंगावर ओरखडाही नव्हता.

परत येऊन त्यांनी बायांना सांगितलं, "गेली जंगलात."

मी भडकले. लोकांना सत्य पेलत नाही हे सत्ता गाजवणाऱ्यांचं बोलणं आहे, असं तोंडावर ऐकवलं.

"भाषण नको देऊ वं," त्या म्हणाल्या. "मायेनं आल्या होत्या. त्याहिले हत्यारीण म्हणू काय?" आणि कुठं बोलणार-लिहिणार नाही, असा शब्द घेतला.

पाडस वनखात्यानं नेलं. तेही जगलं नाही. त्यानंतर गोठ्यातून माणसं काढताना बाई कारणही सांगू लागल्या. फक्त आमच्या गावात तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मग त्यांची बदली झाली.

यंदा लोधीखेड्याकडे एका शेतात हरणी व्याली. काकू मुद्दाम ओटी घेऊन गेल्या. परतल्यावर कौतुकानं सांगत होत्या, "हे बी तशीच पयाली, थेट जंगलात."

मी बाईंना फोन केला. काकूंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"तेव्हाच सांगाले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "ऐकलं असतं बायांनी. लिही आता. काकूचं नाव नको टाकू. खोटं मी बोलली, थे टाक."