लाल ठिपक्याचा इंजेक्टर

छबुबाईची व्हॅन पुन्हा गॅरेजच्या दारात येऊन आचके द्यायला लागली, तेव्हा वाहेद मिस्त्रीने हातातला चहाचा कप न पिताच ओट्यावर आपटला. या गाडीचा आवाज आता त्याने झोपेतही ओळखला असता. उभ्या जागी थरथरायची, चढ लागला की दम सोडायची, आणि मधला एक ठोका दर वेळी गिळून टाकायची.

"भाई, आज पोरींनी ढकलत आणली," छबुबाई उतरता उतरता म्हणाली. "दप्तरं आत टाकली अन् लागल्या ढकलायला. त्यातली एक मला म्हनती, मावशी, आमी शाळेत चाललोय का गाडीला शाळेत घालायला चाललोय?"

एरवी वाहेद यावर पोट धरून हसला असता. आज त्याने नुसतं बॉनेट उघडलं.

शिरूर कासारच्या आसपासच्या वस्त्यांवरून पोरींना हायस्कुलात आणायचं नि परत सोडायचं, हे छबुबाईचं काम. नवरा आप्पा ऊसतोडीला गेला की गाडी, घर आणि दोन्हीकडची कटकट तिच्याच गळ्यात. जीभ तिखट, पण वाहेदशिवाय दुसऱ्या मिस्त्रीने गाडीला हात लावलेला तिला खपत नसे. आणि वाहेदचं नाव होतं ते कानासाठी. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि इंजिनच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचं. स्कॅनरही होता त्याच्याकडे. त्याच्याशी त्याचं वैर नव्हतं. फक्त ते यंत्र कुठं दुखतंय एवढंच सांगतं, का दुखतंय ते आपल्याला शोधावं लागतं, असं तो म्हणायचा.

पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं आणि या व्हॅनचे इंजेक्टर खराब झाले. प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोलचा फवारा सोडणारा हा बोटाएवढा भाग. वाहेदने मुबीनच्या स्पेअरच्या दुकानातून नवे आणून बसवले, आणि तेव्हापासून हे ठोका गिळणं, मिस्त्रींच्या भाषेत मिसिंग, सुरू झालं.

स्कॅनर दर वेळी एकच सांगत होता: तिसरा सिलिंडर. वाहेदने तिसऱ्याचा प्लग बदलला. ठिणगीची कॉइल बदलली. वायर सोलून, जोडून, टेप गुंडाळून पाहिली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं, हवा कुठून आत शिरते का ते पाहिलं. सगळं ठणठणीत. गाडी गॅरेजात थोडी सुधारल्यासारखी वाटे आणि पहिल्या चढाला पुन्हा तेच रडगाणं. चिडून चिडून वाहेदला अन्न गोड लागेना.

त्यापेक्षा वाईट गोष्ट त्याने कुणाला सांगितलेली नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने पेचकस कानाला लावला होता. चांगला इंजेक्टर टकटक, टकटक असा खणखणीत वाजतो. तिसरा वाजत होता फुसका, ओल्या लाकडावर बोट आपटावं तसा. वाहेदने ते ऐकलं आणि इंजेक्टरवर संशय घ्यायच्या ऐवजी स्वतःच्या कानावर घेतला.

घरी फरीदा कधीपासून म्हणत होती, टीव्हीचा आवाज कमी करा, शेजारी भांडायला येतील. वाहेद तिला उडवून लावायचा. पण आता रात्री उशीवर एक कान दाबून तो घड्याळाची टिकटिक ऐकत पडायचा, मग दुसरा दाबून. कान गेला तर मिस्त्री म्हणून काय उरलं? पाने तर कुणालाही फिरवता येतात. या विचाराचा राग सकाळी गिऱ्हाइकांवर निघायचा.

"ते नवे बसवले तेच खराब असतील," छबुबाई आज म्हणाली. "काढून बघा की."

"त्याला हात लावायचा न्हाई."

"कावून?"

"गफूर उस्तादांच्या दुकानचा माल हाय. ठिपक्याचा."

ठिपका म्हटलं की शिरूरच्या मिस्त्रींमध्ये बोलणं संपायचं. गफूर उस्ताद म्हणजे वाहेदचा गुरू. पाना धरायला त्यांनीच शिकवलं आणि चुकला तेव्हा त्याच पान्याने बोटांवर मारलंही त्यांनीच. पुढे उस्तादांनी स्पेअरचं दुकान टाकलं, तिथं त्यांची एक रीत होती. गल्ल्यावरून कुठलाही भाग तपासल्याशिवाय जायचा नाही. इंजेक्टर असला तर बॅटरीला जोडून त्याची टकटक ऐकायची, काचेच्या बाटलीत त्याचा फवारा पाहायचा, आणि मगच खोक्यावर लाल रंगाचा एक जाडसर ठिपका ठेवायचा. तो ठिपका दिसला की शिरूरचाच काय, पलीकडच्या चकलांब्याचा मिस्त्रीही डोळे झाकून भाग बसवायचा. पुन्हा तपासणं म्हणजे उस्तादांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडणं. ते कुणी करत नसे. साखरेच्या आजाराने उस्तादांचे डोळे गेले, गल्ल्यावर त्यांचा मुलगा मुबीन बसू लागला, तरी ठिपका होता तिथेच राहिला आणि मिस्त्रींची रीतही.

"ठिपका तुमच्या उस्तादांचा, ढकलायचं मातर माझ्या पोरींनी," छबुबाई कडाडली. "आरोहीचा बाप म्हनतोय, गाडी अशीच बंद पडाय लागली तर पोरगी घरी बसवतो. त्याला काय सांगू? ठिपका हाय म्हनून सांगू? भाई, तुमाला जमत नसंल तर तसं सांगा. मी बीडला नेते गाडी."

जमत नसेल तर. वाहेदची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं.  पाना उचलून तो रागारागाने इंजेक्टरची पट्टी खोलायला लागला. तिसऱ्याचा इंजेक्टर काढून पहिल्याच्या जागी घातला, पहिल्याचा तिसऱ्यात. बाकी काहीही हलवलं नाही. साधी युक्ती, शिकाऊ माणसालाही सुचणारी. दुखणं सिलिंडरचं असेल तर तिथेच राहील, इंजेक्टरचं असेल तर त्याच्यासोबत जाईल.

"लावा चालू."

व्हॅन थरथरली. वाहेदने पेचकस तिसऱ्याला लावला: टकटक, टकटक, खणखणीत. पहिल्याला लावला: फुसका. स्कॅनरनेही पहिला सिलिंडर दाखवला.

कान शाबूत होता. क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं की छबुबाईला सांगावंसं वाटलं, बाई, मी बहिरा झालो नाही! आणि पुढच्याच क्षणी संताप असा उसळला की त्याने पेचकस भिंतीवर फेकला. पहिल्या दिवशीच ऐकलं होतं. चांगल्या कॉइली फेकल्या, चांगले प्लग फेकले, पोरींकडून गाडी ढकलवली, रात्र रात्र स्वतःचे कान तपासले, आणि ज्याला तपासायचं त्याला सोडून दिलं! मुबीनवर चिडावं की स्वतःवर, हेच त्याला कळेना.

त्याने गाडीचा एक जुना इंजेक्टर घासून, धुऊन तात्पुरता बसवला आणि छबुबाईला वाटेला लावलं. खराब इंजेक्टर त्याच्याच ठिपक्याच्या खोक्यात घालून तो थेट उस्तादांकडे निघाला. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं. तुमचा पोरगा न तपासता तुमचा ठिपका लावतोय. बस, एवढंच. स्पष्ट.

गल्ल्यावर मुबीन गिऱ्हाइकाशी हसून बोलत होता. त्याच्याकडे न बघता वाहेद पडदा सारून मागच्या खोलीत गेला. उस्ताद बाजेवर बसले होते.

"वाहेद? चपला घासत चालायची खोड गेली न्हाई तुझी."

वाहेदने इंजेक्टर त्यांच्या हातात दिला. उशाशी जुनी बॅटरी अजून होती. उस्तादांनी चाचपून तारा लावल्या, इंजेक्टर कानाशी नेला आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"सुई अडकतीय याची. जुना हाय?"

"नवा हाय."

"नवा? कुण्या चोराकडनं आणला बे?"

वाहेदने तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. पण त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शब्द फिरले.

"नगरहून आणला, उस्ताद."

"नगरला मरायला गेलतास का? आपलं दुकान ओस पडलं? आन ते खोकं."

उस्तादांनी खोक्यावरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्यावर तो थांबला. वाळलेल्या रंगाचा जाडसर ठिपका. अंगठा त्यावरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला. वाहेदला त्या अंगठ्याकडे बघवेना. आपण हे खोकं का आणलं, म्हणून तो स्वतःवरच चडफडला.

"तुझा कान मला म्हाईत हाय," उस्ताद म्हणाले. "पहिल्या दिवशीच ऐकलं असशील. मग तवाच काढला कावून न्हाईस?"

"ठिपका होता, उस्ताद," वाहेदच्या तोंडून निघून गेलं.

नगरची थाप तिथेच संपली. उस्तादांनी ती खोटी पाडली नाही, पण खरीही मानली नाही. त्यांनी मुबीनला हाक मारली.

"रंगाचा डबा घेऊन ये."

मुबीन डबा घेऊन आत आला. वाहेदला, बॅटरीला, खोक्याला पाहून दारातच थबकला. त्याचं हसू उतरलं. "काय झालं, अब्बा?"

"काही न्हाई. वाहेदनं नगरहून माल आनला, तो खराब निघाला." उस्तादांनी हात पुढे केला. मुबीनने डबा दिला. त्यांनी झाकण दोन्ही अंगठ्यांनी घट्ट दाबलं आणि डबा उशीखाली सारला. "आजपासून हा माझ्याजवळ राहील."

मुबीन खाली मान घालून उभा राहिला.

"अन् वाहेद, तू," उस्तादांचा आवाज आता गॅरेजातल्यासारखा चढला, "हितनं काही नेलंस तर आधी कानाला लाव. माझ्या घरचं असलं तरी लाव. समजलं? का पाना आनू?"

"समजलं, उस्ताद," वाहेद म्हणाला, आणि नकळत त्याने दोन्ही हातांची बोटं मुठीत मिटून घेतली.