बाज तिची आहे

आमच्या राळेगावच्या वावरातल्या विहिरीतून त्या दिवशी दोन जीव वर काढले गेले. आधी कुत्री, मग मी.

विहिरीला कठडा नव्हता. (मी बांधणार होतो. हे वाक्य मंगल, म्हणजे आमची बायको, लग्नापासून ऐकत होती.) सकाळी ती कपाशीला पाणी सोडायला गेली, तर आत एक तांबडी भटकी कुत्री पोहत होती. दमली की कपारीला पुढचे पाय टेकायची आणि घसरून पुन्हा पाण्यात. मंगलने यवतमाळच्या जनावरं वाचवणाऱ्या संस्थेला फोन लावला. तासाभरात टेम्पो बांधावर हजर! त्यातून वनिताताई उतरल्या. एरवी त्या शिवणकाम करतात. सोबत दोन बाया, टेम्पोवाला आणि चारही पायांना दोर बांधलेली एक बाज. मला वाटलं, बसायला आणली असेल.

ताईंनी बाज अलगद पाण्यात सोडली आणि आम्हाला मागे सारलं.

"कोणी तिले बोलवू नका," त्या म्हणाल्या. "आवाज झाला का घाबरते. तिची तीच चढते."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुत्री बाजेपाशी यायची, हुंगायची, परत फिरायची. तिची मान पाण्याला टेकायला लागली, तसा माझ्यातला जाणकार जागा झाला. तहसील कचेरीत मी अख्खा तालुका रांगेत उभा केलेला माणूस, माझ्यापुढे एक कुत्री ती काय! मंगलच्या शिदोरीतली पोळी उचलली, काठावर ओणवा झालो आणि म्हणालो, "यू यू यू..."

पोळी माझ्यानंतर पडली.

मला पोहता येत नाही. हातपाय झाडता झाडता काहीतरी आधाराचं हाती लागलं, त्यावर चढलो, मांडी घातली आणि हात जोडले. वरून ताईंचा आवाज आला, अगदी शांत.

"उतरा भाऊ. बाज तिची आहे."

"ताई, मले पोहता येत नाही."

"तुमच्या मागं मोटरचा पाइप हाये, तो धरा. तुमाले हात हायेत, तिले नाहीत."

"ऐका त्यायचं," मंगल म्हणाली. (सात जन्मांची साथ ती हीच!)

उतरलो आणि पाइपला मिठी मारली. माझ्या धडपडीने कुत्री पार कोपऱ्यात गेली होती. तिचं नाक पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. आता ही जाते आणि माझ्यामुळे जाते! जन्मात पहिल्यांदा मी गप्प राहिलो. वर ताई काठाशी पालथ्या पडलेल्या, नजर कुत्रीवर, ओठ मिटलेले. किती वेळ गेला कोण जाणे. मग कुत्री वळली. एक पाय बाजेवर ठेवला, मग दुसरा, आणि अंग वर ओढून घेतलं.

चारही दोर एकदम हलले. कुणी 'ओढा' म्हणालं नाही, कुणी मोजलं नाही. काठोकाठ भरलेलं ताट न्यावं तशी ती बाज, कुठेही न कलता, वर गेली. खालून मी आ वासून बघत राहिलो. थंडी विसरलो, लाज विसरलो. इतकं सुंदर काम मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

माझ्या वेळी बाज दोनदा भिंतीला आपटली, कारण मी खालून सूचना देत होतो.

ताई कुत्रीला यवतमाळला घेऊन गेल्या. ती बरी झाली आणि मंगलने ती पाळायला मागितली. पण ताई घर पाहिल्याशिवाय जनावर देत नाहीत, आणि घरात मी होतो. नकार येणार, या काळजीने मंगल दोन दिवस नीट जेवली नाही. ताईंनी आधी कठडा बांधायला लावला. (चार दिवसांत झाला!) मग त्या कुत्रीला घेऊन घरी आल्या, फाटक हलवून पाहिलं, शेजारणीला माझ्याबद्दल विचारलं आणि अर्ज काढला.

"घरी समजदार माणूस कोण असते?"

"मी," मी म्हणालो.

पेन हललं नाही.

"मी असते," मंगल म्हणाली. पेन चालू लागलं.

निघताना ताई कुत्रीपाशी बसल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते आणि खरं सांगतो, माझेही. मी पुढे झालो. म्हटलं, आता मला दोन शब्द सांगतील. ताई माझ्याकडे बोट दाखवून कुत्रीच्या कानात म्हणाल्या, "सांभाळजो वं याले."